सतरा नंबरचं दगडफूल

१

सोळा नंबरचं पाकीट होतं. अठरा नंबरचंही होतं. मधलं सतरा गायब.

स्नेहल घारेनं पुन्हा पाहिलं. तिनं कपाटातला खोका उचलून टेबलावर घेतला, सगळी पाकिटं एकेक करून काढली, मोजली, परत लावली, परत मोजली. एकोणचाळीस. काल संध्याकाळी तिनंच लावून ठेवली तेव्हा चाळीस होती. सतराच्या जागी नुसती एक गुलाबी चिठ्ठी उभी होती, आणि तीही कोरी.

"मिळालं का?" मागून डॉ. आदिनाथ देवस्थळींचा आवाज आला.

"सर, सतरा नंबर जागेवर नाहीये."

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "नेमकं सतराच? नेमकं आजच?"

आता त्या पाकिटात एवढं काय होतं म्हणाल, तर दगडफूल. हो, तेच. काळ्या मसाल्यात घालतात तेच. लोणावळ्याच्या भांगरवाडीत एका भाड्याच्या बंगल्यात हे छोटंसं संशोधन केंद्र चालायचं. मावळातल्या झाडांवरची, कातळावरची दगडफुलं गोळा करायची, त्यांचा डीएनए तपासायचा आणि एकसारख्या दिसणाऱ्या मंडळींत कुणी परकं लपून बसलंय का ते शोधायचं, हे तिथलं काम. दगडफूल मोठं फसवं असतं बरं का. इंद्रायणी आणि आंबेमोहोर एकाच पोत्यात ओतले तर नुसतं बघून कुणाला कळणार? शिजल्यावर कळतं. तसंच हे. रंग तोच, पापुद्रा तोच, औषधाचा थेंब टाकला तर दोन्ही सारखीच पिवळी पडणार. फरक कळतो तो डीएनएत.

मार्च महिन्यात स्नेहलनं तिकोणा पेठेजवळच्या वाघजाई देवीच्या राईतल्या एका हिरड्यावरून तळहाताएवढं दगडफूल काढून आणलं होतं. झाड नंबर सतरा. त्याचा डीएनए जगातल्या कुठल्याच नोंदीशी जुळेना. नवी जात! स्नेहलला तीन दिवस झोप नव्हती. आईनं वराळ्यात अख्ख्या आळीला पेढे वाटले. आळीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, पोरगी फुलांची डॉक्टर झाली. असो. निबंध लिहून झाला, एका संशोधन मासिकाकडे छापायला गेला. तिकडून एवढंच विचारलं, की त्याच झाडाचा ताजा नमुना पुन्हा तपासून कळवा. जिनं शोध लावला तिनंच पडताळणी करायची नसते, म्हणून गेल्या आठवड्यात तिचा सहकारी ओंकार जाऊन सतरा नंबरच्या झाडावरून नमुना घेऊन आला. तपासणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत झाली.

त्याचा निकाल डॉक्टरांच्या हातात फडफडत होता.

"साधं दगडफूल आहे हे," डॉक्टर म्हणाले. "बाजारात मिळतं ते. तुझी नवी जात त्या झाडावर नाही. कधी नव्हतीच, असं म्हणायचं का मी?"

"सर, मी स्वतः काढलंय. पाकीट जागेवर बंद केलंय. राईचे राखणदार भिमाजी आबांची सही आहे त्याच्यावर."

"होती. ते पाकीट असतं तर पुन्हा तपासता आलं असतं. तुझ्या फ्रिजमधल्या नळीतला डीएनए कुठून आलाय ते तुलाच ठाऊक. पुरावा म्हणजे ते पाकीट, आणि ते आज नाहीसं झालं." त्यांनी कागदाची घडी घातली. "सोमवारी सकाळी दहा वाजता मी मासिकाला पत्र पाठवणार. नमुना बनावट होता, असं. त्याआधी तुला काही सांगायचं असेल तर सांग."

स्नेहल व्हरांड्यात निघून गेली. असं पत्र एकदा गेलं की देशातली कुठलीही प्रयोगशाळा तिला दारात उभं करणार नव्हती. सात वर्षांचा अभ्यास पाण्यात.

ओंकार तिच्यामागून व्हरांड्यात आला. जुलैपासून दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर बसत होते, डबा वाटून खात होते. तो हळू आवाजात म्हणाला, "रडू नको. पाकीटच नाही म्हटल्यावर कुणी काही सिद्ध करू शकत नाही."

तिला तेवढाच आधार वाटला.

२

स्नेहल राहायची ती राजेश्वरी ओव्हाळ यांच्या घरी, वरच्या खोलीत. बाई एकतीस वर्षं लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी आजही कुणाचं काही हरवलं की लोक आधी त्यांच्याकडे येत. हरवलेलं पार्सल हरवलेलं नसतंच, चुकीच्या ठिकाणी असतं, असं त्या एवढ्या ठामपणे सांगत की समोरच्याला धीर यायचा. खुद्द डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाची पेटी एकदा भलत्याच स्टेशनावर उतरली होती, ती बाईंनीच शोधून दिली होती. म्हणूनच शुक्रवारी सकाळी त्या केंद्राच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा डॉक्टरांना नाही म्हणता आलं नाही.

"दोन दिवस द्या," बाई म्हणाल्या. "पत्र काय, सोमवारी जाईलच. पळून थोडंच जातंय?"

"ओव्हाळबाई, माझ्या मते उघड आहे सगळं. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या कमरेला, दुसरी स्नेहलकडे."

"माझी टेबलाच्या खणात असते," स्नेहल पुटपुटली. "कंपासपेटीत. ओंकारला माहीत आहे. कामाला येणाऱ्या हिराताईंना पण."

"कंपासपेटीत!" बाईंनी कपाळाला हात लावला. "वा गं पोरी. आणि वर कुलूप लावतेस होय?"

कपाट उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा भपकारा आला. नमुन्यांना कीड लागू नये म्हणून आत वाटीभर गोळ्या ठेवलेल्या असत. बाईंनी नाकाला पदर लावला आणि ती गुलाबी चिठ्ठी उचलून उलटसुलट पाहिली.

"हे काय प्रकरण?"

"पाकीट बाहेर काढलं की त्याच्या जागी ही ठेवायची," स्नेहल म्हणाली. "नाव आणि तारीख लिहून. म्हणजे कुठलं पाकीट कुणाकडे आहे ते कळतं."

"आमच्याकडे पण असंच असायचं. पण ही कोरी. डॉक्टरसाहेब, तुम्ही ठेवता का अशा चिठ्ठ्या?"

"मी पाकिटं काढतच नाही. सांगतो, मुलं आणून देतात." डॉक्टर जरा चिडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? हिराबाईला विचारा. ती दर वर्षी मसाले करून विकते. दगडफूल म्हटलं की..."

तो शब्द दाराबाहेर पोहोचला. हिराबाई फडकं तसंच हातात घेऊन आत आल्या. औंढ्याहून रोज सकाळी येऊन झाडूपोछा आणि सगळ्यांचा चहा त्या करत.

"सायेब, बारा वर्सं मी हितं काम करतीया," त्या म्हणाल्या. "येक टाचनी उचलली न्हाई. आन् तुमच्या त्या चिमटीभर पापुद्र्यानं माजा मसाला हुतोय व्हय? मला पावशेर लागतं पावशेर! आमी बाजारातनं वाळलेलं, निवडलेलं घेतो. तुमच्यावानी सालपटासकट न्हाई."

"हिराताई, बसा." बाईंनी त्यांना स्टूल पुढे केलं. "तुमच्यावर कुणाचा संशय नाही. मला एवढंच सांगा, काल ह्या खोलीत कधी आलात?"

"रोजच्यावानीच. साडेबाराला. समदी जेवाय बसली की मी फरशी पुसून घेते."

"आणि काही वेगळं वाटलं?"

हिराबाईंनी डोळे पुसले. जरा आठवून म्हणाल्या, "वाटलं ना. ह्या डांबरगोळ्यांचा वास मारत हुता खोलीभर. कपाट उगडल्याबिगर वास येत न्हाई कदी. मला वाटलं, सकाळी ताईनं उगडलं आसंल."

"मी काल सकाळी कपाटाला हातही लावला नाही," स्नेहल घाईघाईनं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला भीती वाटली. हे खरं असलं तरी सांगणार कोण? ती दिवसभर पलीकडच्या खोलीत एकटीच काम करत बसली होती.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या नजरेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३

ओंकारशी बाई व्हरांड्यात बसून बोलल्या. स्नेहल खांबाला टेकून उभी होती.

"रिपोर्ट कधी आला रे?"

"काल. चारच्या सुमाराला. आला तसा सरांना दिला."

"तू त्या झाडापाशी आधी कधी गेला होतास?"

"नाही. मी जुलैत लागलो. सतरा नंबर शोधला, फोटो काढला, नमुना घेतला, परत आलो. पत्र्याचे नंबर ठोकलेले आहेत झाडांना, चुकायचा प्रश्नच नाही. मोबाइलचं लोकेशनही जवळपास तेच होतं. दाट झाडीत दहावीस मीटरचा फरक पडतोच."

तो सगळं नीट सांगत होता, पण नखं खात होता. बाईंनी ते पाहिलं. स्नेहलनंही पाहिलं. तिला वाटलं, बिचारा माझ्यासाठी घाबरलाय.

"फाईल बघू जरा," बाई म्हणाल्या.

फाईल डॉक्टरांनी स्नेहलला दाखवली नव्हती. बाईंनी चष्मा लावला, आधी रिपोर्टचा छापलेला मेल वाचला, वरची ओळ बोटानं दोनदा चाचपली आणि पान उलटलं. मागच्या पानावर झाडाचे फोटो होते. एका फोटोत पत्र्याचा नंबर स्पष्ट दिसत होता, सतरा, आणि त्याच्याखाली हिरड्याच्या खोडावर करडंहिरवं दगडफूल पसरलेलं.

"हा नमुना काढायच्या आधीचा?"

"हो. काढल्यानंतरचा खाली आहे."

"बरं. जा तू, काम कर."

ओंकार आत गेला. बाईंनी स्नेहलला जवळ बोलावलं.

"पोरी, मी अडाणी बाई. एक सांग. हे दगडफूल वाढतं किती?"

"वर्षाला दोनचार मिलिमीटर. फारच सावकाश."

"आणि मार्चमध्ये तू काढलंस ते केवढं?"

"तळहाताएवढं."

"आठ महिन्यांत ती जागा भरून निघेल?"

"छे! वीस वर्षंसुद्धा लागतील."

बाईंनी फोटो तिच्यासमोर धरला. "मग तुझा तळहात कुठाय यात?"

स्नेहल फोटोकडे बघतच राहिली. दगडफूल सलग होतं. कुठे खरवडलेलं नाही, कुठे साल उघडी पडलेली नाही. नंबर सतरा, झाड हिरड्याचंच, आणि त्याला आजवर कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. 

"मावशी, हे माझं झाड नाही!"

"हळू बोल," बाई दाराकडे बघत म्हणाल्या. "उद्या सकाळी तुझी स्कूटी काढ."

४

शनिवारी दुधिवरे खिंड उतरून पवनेच्या कडेकडेनं दोघी तिकोणा पेठेला पोहोचल्या. बाई मागे बसून सारख्या "हळू गं, हळू" करत होत्या, पण स्नेहलचं लक्ष कुठे होतं! माझं झाड सापडलंच नाही तर? पावसात पडलं असलं तर? तोडलं असलं तर? 

सतरा नंबर लगेच सापडला. तोच फोटोतला हिरडा. ओंकारनं काढलेल्या नमुन्याची ताजी खूण तेवढी दिसत होती. पलीकडे शेंदूर लावलेले धोंडे ओळीनं मांडलेले होते आणि त्यांच्या पलीकडून दाट राई सुरू होत होती.

"मावशी, मी आत होते," स्नेहल म्हणाली. "धोंड्यांच्या आत. हे झाड बाहेर आहे."

"कोन हाय त्ये?" मागून करडा आवाज आला.

भिमाजी आबा काठी टेकत येत होते. राईची राखण त्यांच्या घराकडे. त्यांनी स्नेहलला ओळखलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"आता काय ठोकाय आलाय?"

"ठोकायला? आबा, मी कुठे काय ठोकलं?"

"तू न्हाई, पर तुमच्यावाल्यांनीच. तुला म्या सांगितलं हुतं, आईच्या झाडाला लोखंड लावायचं न्हाई. तू ऐकलंस. कळकाच्या कामटीनं सोडवून घेतलंस, सुतळीनं चिठ्ठ्या बांधल्यास. लय बरं वाटलं बग मला. आन् मग दोन म्हैन्यांनी दोन मानसं येत्यात काय, आन् चाळीस झाडांस्नी चाळीस खिळं मारून जात्यात काय! इचारनं न्हाई, पुसनं न्हाई. मी गावाला गेलतो तवर समदं उरकलं."

स्नेहलला आठवलं. मे महिन्यात ती परीक्षेसाठी पुण्याला होती. परत आल्यावर डॉक्टर सहज म्हणाले होते, पावसात चिठ्ठ्या कुजतील म्हणून पत्र्याचे नंबर लावून घेतले. तिनं "बरं झालं" म्हटलं होतं. खिळे ठोकून लावले असतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत, आबा?" बाईंनी विचारलं.

"काय करनार? काढलं. येकेक करून. नारळ फोडला आईला, चूक पदरात घे म्हनलं." आबा धोंड्यावर टेकले. "पर त्ये नंबर टाकून कसं द्यायाचं? सरकारी काम, पोरीनं येवडी मेहनत केलेली. म्हनून मंग धोंड्यांच्या भायेरच्या झाडांस्नी लावलं. हितं खिळा चालतोय. आन् आसंतसं न्हाई हां! हिरड्याचा हिरड्याला, जांभळीचा जांभळीला, आंब्याचा आंब्याला. सरळ वळीनं. दोन दिस गेलं माजं. तुमच्या कामात घोटाळा नगं म्हनून येक बी नंबर चुकवला न्हाई."

स्नेहलला हसावं की रडावं कळेना. चाळीस नंबर, चाळीस झाडं, एकही चूक नाही. म्हातारा एवढा काटेकोर नसता, हिरड्याचा नंबर आंब्याला लागला असता, तर ओंकारच्या पहिल्या नजरेत सगळं उघडं पडलं असतं.

"आबा," ती म्हणाली, "त्या नंबरांपायी माझं सगळं बुडायची वेळ आलीय." आणि तिनं सगळं सांगितलं. आबांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी दोनदा "माज्यामुळं?" असं विचारलं. मग ते उठले आणि धोंडे ओलांडून तिला आत घेऊन गेले.

तिचा हिरडा जागेवर होता. छातीच्या उंचीवर तळहाताएवढा उघडा डाग होता, जसाच्या तसा, कडेनं केसाएवढी वाढ. स्नेहलनं मोबाइलमधला मार्चचा फोटो शेजारी धरला. कडांचं प्रत्येक वळण जुळत होतं. ती तिथंच खाली बसली आणि ढसाढसा रडली.

आबा धोंड्यांबाहेरच्या बांबूच्या बेटातून कळकाची कामटी तोडून आणून तासायला लागले. "घे," ते म्हणाले. "ह्या खेपंला थोडंच काढ. आई समजून घील."

परतताना स्नेहल हवेतच होती.  पवनेच्या काठाला गाडी थांबवायला सांगून त्या म्हणाल्या, "झाड मिळालं. पण पाकीट आबांनी नेलेलं नाही. ते नेलं तुझ्या केंद्रातल्या माणसानं. आणि कुणी नेलं ते मला कालच कळलंय."

"कोण? डॉक्टर?"

"सोमवारी सांगते. आज कळलं तर तुला गाडी चालवता यायची नाही."

५

सोमवारी पावणेदहाला डॉक्टरांच्या टेबलाभोवती सगळे बसले. पत्र टाइप होऊन तयार होतं. स्नेहलनं सगळा रविवार तोंडात घास न घालता काढला होता.

बाईंनी आधी झाडाची हकीकत सांगितली. दोन फोटो टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी ते भिंगाखाली धरले, बराच वेळ पाहिले, आणि खिळ्यांचा विषय निघाला तेव्हा त्यांचे कान लाल झाले.

"मीच सांगितलं होतं ठोकायला," ते शेवटी म्हणाले. "देवाच्या राईत खिळा चालत नाही, हे... विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," बाई म्हणाल्या. "बरं, आता पाकिटाकडे येऊ. स्नेहल खोटं बोलत नव्हती, मग ते पाकीट नाहीसं करून तिला काय मिळणार? उलट तेच तिची ढाल होतं. हिराताईंनी नेलं म्हणावं, तर त्या ती गुलाबी चिठ्ठी कशाला ठेवतील? चोरी करतानासुद्धा चिठ्ठी ठेवायची म्हणजे हाताला तशी सवय पाहिजे. रोज पाकिटं काढणाऱ्याचा हात तो. डॉक्टर तर पाकिटं काढतच नाहीत."



"आता वेळ बघा. हिराताईंना वास आला साडेबाराला. म्हणजे पाकीट गेलं त्याच्याआधी. डॉक्टरांना निकाल कळला चारला. स्नेहलला चारनंतर. साडेबाराला निकाल माहीत असलेला माणूस एकच." त्यांनी मेलचा कागद सरकवला. "रिपोर्ट आला दहा बेचाळीसला. वर छापलंय. चार वाजता नाही, ओंकार."

स्नेहल ओंकारकडे बघत होती. तिला अजून वाटत होतं, तो काहीतरी सांगेल, हसेल, मावशींचं काहीतरी चुकलंय म्हणेल.

ओंकारनं मान खाली घातली. मग पायाशी ठेवलेली बॅग उघडली आणि वहीच्या पानांत जपून ठेवलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. सतरा नंबर. भिमाजी आबांची वेडीवाकडी सही, चिकटपट्टी शाबूत.

"वलवणच्या तळ्यात टाकायला गेलो होतो," तो म्हणाला. "हात धजला नाही."

"पण का?" डॉक्टर ओरडले. "तुझं काय घोडं मारलं होतं तिनं?"

"उलट, सर. तिला वाचवायला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "रिपोर्ट बघितला आणि मला वाटलं, हिनं बनावट नमुना ठेवलाय. घाईत, दडपणाखाली, कुणास ठाऊक. हे पाकीट पुन्हा तपासलं तर आतली सालच सांगेल की हे त्या राईतलं नाही. मग ती कायमची संपेल. पाकीट नसलं तर निदान संशयाचा फायदा मिळेल, असं वाटलं."

स्नेहलला हसू आलं. वेड्यासारखं, अवेळी. तिला वाचवायला म्हणून त्यानं तिचा एकमेव पुरावा उचलला होता आणि चार दिवस तिला जळताना बघत शेजारी बसला होता.

"मला एकदा विचारायचंस तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मला ते खोटं वाटलं असतं. ते मला नको होतं."

डॉक्टरांनी टाइप केलेलं पत्र फाडलं. ओंकारला तिथल्या तिथे काढून टाकायला निघाले, तेव्हा बाई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्याही चुका आजच मोजायला बसलात तर खिळ्यांपासून सुरुवात करावी लागेल." डॉक्टरांनी तो विषय तिथेच सोडला.

६

पाकीट आणि आबांच्या डोळ्यांदेखत काढलेला नवा नमुना, दोन्ही त्याच दिवशी पुण्याला गेले. पुढचे पाच दिवस स्नेहलनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. तर्क सगळा जुळला होता, पण तर्कानं डीएनए बदलत नाही. पहिल्याच वेळी माझंच काही चुकलं असलं तर? नळ्यांची अदलाबदल झाली असली तर? ती रात्ररात्र छताकडे बघत पडायची आणि सकाळी बाई चहाचा कप हातात देऊन म्हणायच्या, "झाड खोटं बोलत नाही गं. ऊठ."

शनिवारी दुपारी ती खिडकीपाशी पाकिटं लावत होती. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. ओंकार होता. त्याच्या हातात कागद होता, दम लागला होता, चेहरा फुललेला. सोमवारपासून दोघं एक शब्दही बोलले नव्हते.

"जुळलं!" तो म्हणाला. "दोन्ही नमुने एकमेकांशी जुळले, आणि बाकी कुणाशीच नाही. नवीच जात आहे, स्नेहल. तू खरं बोलत होतीस! आता माझा तुझ्यावर शंभर टक्के विश्वास आहे."

तिनं कागद घेतला. ओळ न् ओळ वाचली, एकदा, दोनदा. छातीवरचा धोंडा उतरला. आईला फोन करायला हवा, आबांना निरोप द्यायला हवा, एवढं सगळं एकदम मनात आलं. ती खूश होती, मनापासून खूश होती. मग तिनं मान वर केली. तो दारात उभा राहून वाट बघत होता.

"तुझा विश्वास रिपोर्टवर आहे, ओंकार," ती म्हणाली. "तेव्हाही रिपोर्टवरच होता."